८२ अंश म्हणजे ताप आहे का?

ओळखीत कुणी नवा डेस्कटॉप जोडला, की आठ दिवसांच्या आत मला एक स्क्रीनशॉट येतो. एका आकड्याभोवती लाल गोल, आणि खाली प्रश्न : "प्रोसेसर ८२ अंशांवर गेलाय, जास्त तापतोय का?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

माझा पहिला उलटा प्रश्न असतो : तेव्हा चाललं काय होतं? व्हिडिओ एन्कोड होण्यासारखं जड काम चालू असताना ८२ असेल, तर खुशाल झोपा. काहीच उघडलेलं नसताना ८२ असेल, तर आधी संगणक बंद करा आणि उरलेलं फोनवर वाचा.

शंभर अंश म्हटलं की आपल्याला उकळतं पाणी आठवतं आणि धस्स होतं. पण इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादाच १०० अंश सेल्सिअस असते. एएमडीच्या २०२२च्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर पूर्ण कामाला जुंपले की मुद्दाम ९५पर्यंत जातात, त्यांची रचनाच तशी आहे. मर्यादा आली की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. तेवढ्याने भागलं नाही, तर यंत्र सरळ बंद होतं. म्हणून जळून जाण्याची भीती आता फारशी उरलेली नाही. ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही, हे खरं दुखणं. आणि आकड्यावर तरी किती विसंबायचं? २०१७मध्ये आलेला रायझन ७ १८००एक्स खऱ्या तापमानात २० अंश मिळवूनच आकडा सांगायचा.

मी आकड्यापेक्षा तो चढतो कसा, ते बघतो. विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, त्यामुळे एचडब्ल्यूइन्फोसारखं काहीतरी लागतं. ते एका बाजूला उघडं ठेवायचं, दुसरीकडे सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपणारी चाचणी, दहा मिनिटं चालवायचं. सुरुवातीला आकडा टुणकन उडी मारणारच, त्याला घाबरू नका. उडी मारून तो ७५-८०वर स्थिरावला, तर सगळं ठीक. मिनिटामिनिटाला अंशाअंशाने वर सरकत राहिला, तर गरम हवा कॅबिनेटमध्येच कोंडते आहे किंवा हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या कूलरच्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये धूळ बसली आहे. पाण्याच्या कूलरमध्ये मात्र पाणी तापायलाच काही मिनिटं जातात, तेव्हा तिथे थोडा धीर धरा. आणि मधल्या ताकदीचा एखादा प्रोसेसर दोन सेकंदांत मर्यादेला भिडला, तर कूलर प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही असं समजा.

हे शेवटचं मी माझ्याच घरी शिकलो. टेबल हलवलं आणि त्या दिवसापासून पंखा किंचाळायला लागला. मी शहाणा माणूस! धूळ झटकली, कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं, जास्तीचा पंखा बसवला. आकडा तसूभर हलला नाही. चौथ्या दिवशी टॉर्च घेऊन आत डोकावलो, तर कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एक सुटून वर आलेली. कूलर काढला, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि चारही खुंट्या खट् वाजेपर्यंत दाबल्या. त्याच कामाला आकडा २७ अंशांनी खाली. (पेस्ट पुसल्याशिवाय तोच कूलर पुन्हा टेकवू नका, मध्ये हवेचे पोकळ डाग राहतात.)

खोलीचं तापमानही धरायला हवं. खोली ५ अंशांनी तापली की आतला आकडा जवळपास तेवढाच वर जातो. त्यामुळे हिवाळ्यातला आकडा उन्हाळ्यात कुरवाळत बसण्यात अर्थ नाही. यंत्र नवं असतानाच एकदा मोजून खोलीच्या तापमानासकट लिहून ठेवलंत, तर तुलना दुसऱ्याच्या संगणकाशी करावी लागत नाही.

रिकाम्या बसलेल्या यंत्राचा आकडा ३५वरून क्षणात ५५ होऊन परत येतो, त्याचीही तक्रार असते. प्रोसेसरच्या आतल्या अनेक गाभ्यांपैकी एखादा (कोअर) बारीकसं काम उरकायला उसळी घेतो, एवढंच. पंख्याचा आवाज खालीवर होऊन डोकं उठत असेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंख्याचा प्रतिसाद दोनचार सेकंद उशिरा ठेवा.

आणि पुढचा स्क्रीनशॉट पाठवाल तेव्हा लाल गोल नको. तापमानाशेजारी प्रोसेसरचा वेग किती गिगाहर्ट्झ आहे, तेवढं दिसू द्या.