सा वरून थेट तार पंचम: इलन पाइप्सवरच्या उड्या

डब्लिनमधल्या तिसऱ्या हिवाळ्यात मी इलन पाइप्स, म्हणजे आयर्लंडची भात्यावर चालणारी बॅगपाइप, शिकायला घेतले. हेन्रिएटा स्ट्रीटवर 'ना पीबरी इलन' ही पाइपरांची 1968 पासूनची संस्था आहे, तिथल्या वर्गात. नावातलं 'इलन' म्हणजे कोपराचं. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी आणि मांडीवर टेकवलेला चँटर, म्हणजे सूर काढायची नळी. तिच्यात सनईसारखी दुहेरी पत्ती असते, पण तोंडाने फुंकायचं नसतं.

साधी जिग, म्हणजे आयरिश नाचाची धून, बसली; अडलं ते मोठ्या उडीपाशी. खालच्या 'डी' या पाश्चात्त्य सुराला सा धरला, तर तिथून थेट तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला प, गाठायचा होता. मध्य पंचम आणि तार पंचम यांची बोटं एकच, फरक फक्त दाबाचा. माझा सूर एकतर मध्यातच राहायचा, नाहीतर किंचाळायचा. मी बोटांचा वेग वाढवत राहिलो. दोन महिन्यांची ती मेहनत चुकीच्या जागी गेली.

शिक्षकांनी लय निम्म्यावर आणायला लावली आणि म्हणाले, दोन सुरांच्या मधलं ऐक. खालचा सा वाजतो तो चँटर मांडीवरून उचलून. तो परत टेकवला आणि सगळी भोकं बंद असली, की आवाज पूर्ण थांबतो. त्या निमिषात डाव्या कोपराने पिशवीवर दाब चढवायचा, मगच पंचमाची बोटं उचलायची. आधी दाब, मग बोट.

तेव्हा कळलं, माझी नळी बंदच होत नव्हती. मांडीवर चामड्याचा तुकडा होता, तरी बारीक 'स्स्स' ऐकू यायचं. उजव्या अनामिकेखालून हवा निसटत होती. बासरीच्या सवयीने मी बोटांची टोकं वापरत होतो. इथे बोटं सरळ ठेवून मधल्या पेरांनी भोकं झाकतात. पंधरा दिवस मी एकही धून वाजवली नाही. बंद, शांत, दाब, पंचम, पुन्हा बंद, एवढंच. एका रविवारी तार पंचम स्वच्छ लागला, आणि मी तो भाता रिकामा होईपर्यंत धरून ठेवला.

उतरणं वेगळं. तार पंचमावरून मध्य सप्तकातल्या मध्यमावर (म) येताना नळी बंद करून दाब सैल सोडावा लागतो, नाहीतर सूर वरच अडकतो. ते मला तुलनेने लवकर जमलं.

चँटरची कक्षा दोन सप्तकांची. सर्वांत वरचा सा अजून बाकी आहे. रोज जेवणाआधी वीस मिनिटं त्याच्यासाठी.