शेड्यूल वनच्या उताऱ्यासाठी चौदा महिने

आमच्या चर्चच्या मंडळीच्या ट्रस्टची खजिनदार झाले आणि पहिल्याच आठवड्यात बँकेतून परत आले. मुदत ठेवींवर ज्या तिघांच्या सह्या चालायच्या, त्यांतले दोघं वारलेले. नव्या सह्यांसाठी शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीचा, विश्वस्तांची नावं असलेला ताजा उतारा हवा होता. आमच्या उताऱ्यावर २००५ सालचे विश्वस्त. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, द्यायची असते. आम्ही निवडणुका वेळेवर घेतल्या, रिपोर्ट एकदाही दिला नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, एकदम शेवटचा रिपोर्ट देऊन चालत नाही. जुन्यापासून ओळीने लावा." म्हणजे प्रत्येक निवडणुकीची नोटीस, ठराव, संमतीपत्रं, मृत्यूचे दाखले आणि सोबत विलंब माफीचा अर्ज.

कागद शोधताना चर्चच्या कपाटात तळाशी जुनी कीर्द सापडली. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिलेली. ते मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढे नगर, मग सोलापूर. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्यात आम्हीही गेलो. एवढं मला ठाऊक होतं. पण त्या वहीतला 'शिक्षण निधी' मला ठाऊक नव्हता. हंगामाच्या सणाला लोकांनी आणलेली ज्वारी, कोंबड्या, चादरी यांच्या लिलावाचे पैसे वर्षानुवर्षं त्यात जमा झालेले. ठरावात स्पष्ट लिहिलेलं: मुद्दल मोडू नये, व्याजातून गिरणी कामगारांच्या मुलांची फी भरावी.

ताळेबंदात हा निधी कधीच सर्वसाधारण निधीत मिसळून गेला होता आणि व्याजातून कंपाउंडची भिंत झाली होती. कोणी खिशात घातलं नाही, हे मी हिशेब लावून पाहिलं. तरी मला रात्रभर झोप आली नाही. गिरणीत पाळी करून आलेल्या बाईने दिलेली कोंबडी होती ती, भिंतीसाठी नव्हती.

पाळकसाहेबांनी ठराव उपासनेनंतर वाचून दाखवला. निधी ताळेबंदात वेगळा दाखवायचा आणि भिंतीचे पैसे तीन वर्षांत परत भरायचे, असं सर्वसाधारण सभेत ठरलं.

धर्मादाय कार्यालयात तारखा पडत राहिल्या. एका सभेची नोटीस मिळालीच नाही, तेव्हा हजर असलेल्या तिघांची प्रतिज्ञापत्रं दिली. चौदाव्या महिन्यात उतारा हातात आला. बँकेत सह्या बदलल्या आणि जूनमध्ये त्या व्याजातून चार मुलांची फी भरली. पावत्या जुन्या कीर्दीतच लावल्यात.