वस्तीची गाडी

ठाण्याहून इंग्लंडला परतून पंधरा दिवस झाले, तरी मावशीचा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

मे महिन्यात रजेवर आलो होतो. वागळे इस्टेटजवळच्या आमच्या चर्चच्या जुन्या मंडळीने एका रविवारी उपदेशाचा संदेश द्यायला बोलावलं. आमची मराठी उपासना अजूनही शाळेच्या हॉलमध्येच भरते, दुपारी साडेचारला, पत्र्याखाली. पंखे डोक्यावर गरगरतात, वारा मात्र खाली उतरत नाही. चार वर्षांनी मराठीत बोललो. पहिली पाच मिनिटं जीभ अडखळली, मग सुटली ती पाऊण तासाने थांबली. उपासना संपल्यावर दारात उभा राहून सगळ्यांना ‘जय ख्रिस्त’ म्हणत होतो. तेवढ्यात मावशी आली. ही सख्खी मावशी नव्हे, संडे स्कूलमध्ये माझ्याकडून दहा आज्ञा घोटून घेतल्या ती. म्हणाली, “काय पाळकसाहेब, तिकडं चर्चं ओस पडलीत म्हणे? मग तू एवढं सांगतोस कुणाला रे?”

मागे रांग होती. हसून वेळ मारून नेली. मावशी, हे तुझ्यासाठी. नातवाकडून वाचून घे.

मी असतो लिंकनशरमध्ये. सपाट मुलूख, कोबी आणि बटाट्याची शेतं, क्षितिजापर्यंत डोंगर म्हणून नाही. येऊरकडे बघत वाढलेल्या माणसाला पहिलं वर्षभर उघडं पडल्यासारखं वाटतं. माझ्याकडे एक चर्च नाही, सात चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनागृहं, आहेत. अशा गटाला इथे सर्किट म्हणतात. दर तीन महिन्यांनी एक तक्ता निघतो. डावीकडे चॅपेलांची नावं, वर रविवारच्या तारखा, चौकटीत उपदेशकांची आद्याक्षरं. थेट खोपटच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक. मी रविवारी फार तर दोन ठिकाणी पोचतो. बाकी ठिकाणी लोकल प्रीचर, म्हणजे शेतकरी, निवृत्त शिक्षिका, रात्रपाळी करून आलेली नर्स. पगार नाही, मानधन नाही, पण अभ्यास करून परीक्षा दिलेले. आणि बिशप नाही! ब्रिटनच्या मेथडिस्टांत, म्हणजे आमच्याच प्रोटेस्टंट पंथात, बिशपच नसतो. अध्यक्ष असतो, तोही एका वर्षापुरता. हे ठाण्यात सांगितलं तेव्हा आमच्या कमिटीतले दोन काका एकमेकांकडे बघून का हसले, ते मी इथे लिहिणार नाही.

इथल्या लोकांचा एक समज मात्र दर वेळी दुरुस्त करावा लागतो. त्यांना वाटतं, आम्हाला मेथडिस्ट त्यांनी केलं. त्यांच्या मिशनचं काम मुख्यतः दक्षिणेत होतं, आणि तिथलं काम 1947 साली चर्च ऑफ साउथ इंडियात सामील झालं. आपल्याकडची परंपरा आली अमेरिकेहून. 1856 मध्ये मिशनरी विल्यम बटलर बरेलीकडे, 1871 मध्ये मिशनरी विल्यम टेलर मुंबईत. 1981 पासून आपली मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वतंत्र आहे. म्हणजे मी आलो ते आजोळी नव्हे, लांबच्या चुलत्यांकडे.

पहिल्याच रविवारी चाळीस मिनिटं बोललो. ठाण्याच्या हिशेबाने बेताचंच. दारात एक आजोबा हात हातात घेऊन म्हणाले, “संदेश अगदी सविस्तर होता.” मी खूश. पुढच्या रविवारी पन्नास मिनिटं! तिसऱ्या आठवड्यात चॅपेलच्या कारभारीणबाईंनी चहाच्या वेळी बाजूला घेतलं. ओव्हनमध्ये दुपारचं मांस लावून लोक उपासनेला येतात, आणि दोन रविवार सगळ्या गावाचं जेवण करपलं होतं. ‘सविस्तर’चा अर्थ तेव्हा कळला.

परदेशात पाळकाची फजिती होण्याची परंपरा जुनी आहे, एवढाच दिलासा. मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला ते खुद्द जॉन वेस्ली 1735 मध्ये अमेरिकेत जॉर्जियाला निघाले. तिथे ज्या मुलीवर जीव जडला तिने दुसऱ्याशी लग्न केलं. वेस्लींनी तिला प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाचा भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी हे महाशय रात्रीचे तिथून निघून आले. आपण सांगतो ती गोष्ट त्यानंतरची: 24 मे 1738, लंडनमधल्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर बायबलमधल्या रोमकरांस पत्राविषयी वाचन चाललेलं असताना हृदयात ऊब दाटल्याची. त्यांचं जन्मगाव एपवर्थ माझ्यापासून चाळीस मिनिटांवर आहे. तिथल्या चर्चच्या आवारात त्यांच्या वडिलांची कबर आहे. 1742 मध्ये त्याच चर्चमध्ये बोलायला मनाई झाली, तेव्हा वेस्ली बापाच्या कबरीवर उभे राहून बोलले. मी त्या दगडाला हात लावला. गार होता, शेवाळलेला. स्वतःची इमारत नाही म्हणून आमची मंडळी वर्षानुवर्षं हळहळते, ते तिथे आठवलं.

आता ओस पडण्याचं. सातांतलं सर्वांत लहान चॅपेल विटांचं, आत माणसं अकरा. गेल्या नाताळात तिथे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचायचा होता. इंग्रजीत ऐकताना मनात आपलं मराठीच चाललं होतं: “शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.” शब्द म्हणजे ख्रिस्त. आणि वस्ती! मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकल्याचा अर्थ आहे, हे सेमिनरीत शिकलो होतो. पण मला तंबू कधी दिसलाच नाही. मला दिसते ती वडिलांच्या गावची, राहुरीकडची, वस्तीची गाडी. रात्री साडेनऊला धूळ उडवत यायची ती लाल एसटी, देवळासमोर मुक्कामाला. ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी आमच्या चुलतीकडून जायची, कालवण शेजारून. पहाटे पाचला इंजिन सुरू झालं की गाव उठायचं, आजारी माणूस नगरला निघायचा. आम्हा मेथडिस्ट पाळकांचंही तेच. आज इथे मुक्काम, कॉन्फरन्सने, म्हणजे चर्चच्या वरच्या सभेने, सांगितलं की उद्या दुसरीकडे.

हे सगळं त्या अकरा जणांना सांगितलं. एसटी समजावण्यातच दहा मिनिटं गेली. नंतर चहाला कारभारीणबाई कप विसळत होत्या. प्रभुभोजनाचे ते अंगठ्याएवढे काचेचे कप एकेक करून कोमट पाण्यातून काढायचे, चहाच्या टॉवेलाचं टोक आत घालून पिळायचं, उजेडाकडे धरून बघायचं. अकरा माणसांसाठी अकरा कप. ट्रेमध्ये भोकं चाळीस. मान वर न करता त्या म्हणाल्या, “पण सकाळी ती गाडी जातेच ना?”

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. ‘ख्रिस्त जात नाही’ हे पुस्तकी उत्तर होतं, पण त्या बाईंनी त्याच आठवड्यात छपराच्या दुरुस्तीचा अंदाज मागवला होता आणि आकडा त्यांना पाठ होता. फेब्रुवारीत त्यांनी मतदान घेतलं. चॅपेल बंद. रडारड नाही, भाषणं नाहीत. शेवटच्या उपासनेला आजूबाजूची माणसं आली आणि ट्रेमधले चाळीसही कप भरले. मग बाईंनी ते नेहमीसारखेच एकेक करून पुसले. आता त्या दर रविवारी पाच मैलांवरच्या दुसऱ्या चॅपेलात येतात, मागच्या बाकावर बसतात, आणि चहानंतर तिथले कप पुसतात.

सर्किटच्या विश्वस्तांना विचारून त्यांनी तो ट्रे माझ्या हवाली केला. मोज्यांत, टॉवेलांत गुंडाळून मी तो केबिन बॅगेतून ठाण्याला आणला. दोन कप वाटेत फुटले.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. मावशीने आदल्या रात्री मनुका भिजत घातल्या होत्या, सकाळी उकळून मलमलच्या फडक्यातून गाळल्या होत्या. इथे आम्ही दुकानातल्या बाटलीतला रस ओततो, त्याला तो वास नाही. ती हॉलच्या मागच्या टेबलाशी बसून चहाच्या चमच्याने कप भरत होती. मधेच थांबली, बोटाने मोजलं.

“अडतीसच आहेत की रे. आपली माणसं साठाच्या वर.”

“दोन पंगती करू,” मी म्हणालो.

“मग पहिल्या पंगतीचे कप विसळायला माणूस लागेल,” म्हणत तिने पदर खोचला.