कांद्याच्या वेण्या आणि रिगीवरचं ऊन

सोमवार, रात्री

मामा-मामी आत्ता झोपले. पहाटे अंधारातच घराबाहेर पडलो होतो, त्यामुळे जेवण उरकताच दोघांचेही डोळे मिटायला लागले.

नोव्हेंबरचा चौथा सोमवार म्हणजे स्वित्झर्लंडच्या राजधानीतला, बर्नचा कांद्याचा बाजार, इथल्या बोलीत झिबेलेमेरित. दोघं निफाडहून येणार हे ठरलं तेव्हाच मी सांगून ठेवलं होतं, बाकी कार्यक्रम पुढेमागे करू, पण या सोमवारी बर्नमध्ये असायचंच. लाल कांद्याची काढणी सुरू असताना शेत मुलावर सोपवून निघणं मामांना जड गेलं. शिवाय गावात सगळ्यांचं एकच म्हणणं, स्वित्झर्लंडला जायचं तर मे-जूनमध्ये जावं, थंडीत काय बघणार? पण राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून हिवाळ्यात ज्या निफाडचं नाव पेपरात येतं, तिथं रात्री-पहाटे पिकाला पाणी भरणारी ही माणसं. मामांनी कानटोपी चढवली, मामींनी स्वेटरवर शाल घेतली आणि माझ्याआधी दोघं दारात उभे.

संसदेसमोरच्या चौकात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत दिव्यांच्या उजेडात वेण्या टांगल्या होत्या. लाल, पांढरे, पिवळे कांदे एकात एक गुंफलेले, मधे सुकवलेली फुलं. आख्यायिका अशी की १४०५ मध्ये बर्न आगीत जळालं, तेव्हा शेजारच्या फ्रिबुर्ग शहराचे लोक मदतीला आले आणि त्याबद्दल त्यांना इथं कांदे विकायचा हक्क मिळाला. इतिहासकार मात्र हा बाजार एकोणिसाव्या शतकातला मानतात. तेव्हा मुर्टेन सरोवराकडच्या शेतकरणी हिवाळ्याच्या तोंडावर माल घेऊन बर्नला यायच्या. मला ही दुसरी हकीकतच जास्त जवळची वाटते.

मामा पहिल्याच दुकानापाशी थांबले. एक कांदा हातात घेऊन त्याची मान दाबून पाहिली, मग बूड पाहिलं. विकणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं. हे शेतकरी आहेत का, असं त्यांनी मला विचारलं आणि तिथून पुढे मी दुभाषी झाले. कांदा कधी काढता, वाळवता कुठे, किती महिने टिकतो? मामा मला समजावत होते, "आपण पात कापून कांदा साठवणीच्या चाळीत टाकतो. हे लोक पातीचीच वेणी घालतात, मग मान टांगल्या टांगल्या वाळते. माझी आई लसणाची अशीच वेणी घालायची."

मग भाव विचारला. मामांनी मनातल्या मनात फ्रँकचे रुपये केले आणि वेणी काही केल्या हातातून खाली ठेवली नाही. "इथं भाव ती सांगते, पोरी. कुणी बोली लावत नाही." लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभा करून दुसऱ्याने भाव पुकारायची वाट बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला भरून आलं. ती वेणी आम्ही घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आहे आणि त्यातला एकही कांदा तोडायचा नाही, असं मामींनी बजावलंय.

बाकीचं बर्न पटकन झालं. घड्याळाच्या मनोऱ्यातल्या बाहुल्या, क्रामगास रस्त्यावर ४९ नंबरचं आइनस्टाइनचं घर, चीजची गरम पाई (कांद्याच्या पाईत बहुधा डुकराचं मांस असतं, ती टाळली). जुन्या शहरातल्या फुटपाथवर सलग कमानींचं छप्पर आहे, सगळं मिळून सहा किलोमीटरच्या आसपास. वयस्कर माणसांना हिवाळ्यात फिरवायला याहून सोयीचं शहर मला माहीत नाही.

गुरुवार

झुरिक. फ्राउमुन्स्टर चर्चमध्ये चित्रकार शागालच्या रंगीत काचा पाहिल्या, रस्त्यावर भाजलेले चेस्टनट खाल्ले. साडेचारनंतर अंधार. मामा गप्प गप्प होते. घरी आल्यावर बोलले, "हे धुकं उठत कसं नाही? आमच्याकडं असं पडलं तर कांद्यावर करपा, द्राक्षावर डाऊनी, असे रोग येतात. सकाळी उठून फवारणीच करायची."

शनिवार

आज सकाळी वेबकॅमवर रिगी डोंगराचा माथा उन्हात दिसला आणि तडक निघालो. हिवाळ्याच्या तोंडाला आल्प्स आणि जुरा या पर्वतरांगांच्या मधल्या सखल पट्ट्यात थंड, जड हवा साचते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि धुकं खालीच कोंडून राहतं. इथली माणसं म्हणून सुट्टीच्या दिवशी वर जातात.

लुत्सर्नला चौदाव्या शतकातला लाकडी पूल ओलांडला. १९९३ च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला होता. बोटीने विट्झनाऊ, तिथून दात्यांच्या रुळांवर चालणारी गाडी, १८७१ पासूनची, युरोपातली या प्रकारची पहिली डोंगरगाडी. ती बांधणाऱ्या रिगेनबाखच्या हाताखाली काम केलेल्या रोमान आब्टच्या पद्धतीचे दाते आपल्या उटीच्या गाडीला आहेत. मामा-मामी उटीला जाऊन आलेत. हे सांगितल्यावर मामांनी वाकून रूळ पाहिले.

अर्ध्या चढावर खिडकीबाहेरचं करडं पांढरं झालं, मग एकदम ऊन. मामी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाल्या. १७९८ मीटरवर उभं राहिलो तेव्हा खालची सरोवरं, गावं, रस्ते सगळं धुक्याखाली गेलेलं, समोर पिलाटुस, लांबवर आयगर आणि युंगफ्राऊ ही शिखरं. "गोदेला पूर आला की आपला गोदाकाठ असाच दिसतो, टेकाडं तेवढी वर," मामा म्हणाले. खालच्यापेक्षा वर ऊब जास्त होती. मामींनी शाल काढून मांडीवर घेतली, बर्फ मुठीत धरला, वितळला की परत घेतला. बाकावर बसून आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि पोळी खाल्ली. मे-जूनमध्ये येणाऱ्यांना हे धुक्यातून वर येणं मिळत नाही. कुणी विचारलं तर मी यापुढे नोव्हेंबरच सांगणार आहे.

उतरताना मामांनी विचारलं, कुरणं एवढी, मग गाई कुठं आहेत? सप्टेंबरातच खाली उतरवल्या, आता वसंतापर्यंत गोठ्यात, असं सांगितलं. तर उद्या एमेंटाल खोऱ्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे जायचं ठरलंय. मामा आतल्या खोलीत वहीत प्रश्न लिहून काढतायत. पहिला प्रश्न दुधाच्या भावाचा आहे.