पाचशे मीटरच्या दाखल्यासाठी पाच फेऱ्या

राजापूर तालुक्यातील आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) सव्वा हेक्टर क्षेत्रात चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे कापण्याची खाण, सुरू करण्यासाठी मी पर्यावरण अनुमती मिळवली, त्याचा हा अनुभव आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर ५ हेक्टरांहून लहान गौण खनिज (चिरा, खडी, वाळू यांसारख्या) खाणींनाही ही अनुमती लागू लागली. नियमाशी माझे भांडण नाही. खाणीची माती पहिल्याच पावसात वहाळात उतरते आणि खालच्या वाडीतील विहिरीचे पाणी तांबडे होते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

मोजणी, खाणकाम आराखडा आणि अनुमतीच्या अर्जांसाठी असलेल्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरील नोंदणी ही कामे विनासायास झाली. घोडे अडले ते पाचशे मीटरच्या, म्हणजे तेवढ्या अंतरात आणखी कोणत्या खाणी आहेत हे सांगणाऱ्या दाखल्यावर.

दोन खाणपट्ट्यांच्या हद्दींमध्ये ५०० मीटरांपेक्षा कमी अंतर असल्यास त्यांचा समूह धरला जातो आणि समूहाचे क्षेत्र ५ हेक्टरांपलीकडे गेले, की पर्यावरणीय आघात मूल्यांकन (खाणीच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास) व जनसुनावणी मागे लागते. माझ्या हद्दीपासून साडेतीनशे मीटरांवर चार हेक्टरांची एक जुनी खाण आहे. तिच्यात कमरेइतके हिरवे पाणी साचलेले असून, चिरे कापण्याच्या यंत्राचे गंजलेले रूळ करवंदीच्या जाळीत दिसेनासे झाले आहेत. दाखला देणाऱ्या कार्यालयाच्या नोंदवहीत मात्र ती ‘चालू’ होती.

तीन वर्षे किंवा अधिक काळ बंद असलेले खाणपट्टे समूहाच्या क्षेत्रात मोजू नयेत, असे १ जुलै २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे. तिची प्रत मी पुढे ठेवली, तेव्हा “बंद असल्याचा पुरावा आणा” असे उत्तर मिळाले. छायाचित्रे चालली नाहीत, सरपंचांचे पत्रही चालले नाही. (अर्ज देताना पोच घ्यावी, हे इथेच सांगून टाकतो, माझे पहिले पत्र सापडलेच नाही.) पाचव्या फेरीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की खाण चालू असती तर दगडाच्या वाहतुकीचे परवाने याच कार्यालयातून निघाले असते. मग माहितीच्या अधिकारात गेल्या तीन वर्षांतील परवान्यांची संख्या विचारली. अठ्ठाविसाव्या दिवशी एका शब्दाचे उत्तर आले: ‘निरंक’, म्हणजे एकही नाही. त्यांचाच तो कागद मी दोन टेबले पलीकडे पुरावा म्हणून दिला आणि चार दिवसांत दाखला हातात पडला.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी शेजारच्या खाणीचे अंतर हद्दीपासून हद्दीपर्यंत मोजून घ्यावे, खड्ड्याच्या मध्यापासून नव्हे. नकाशातील कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि सातबाऱ्यावरील क्षेत्र हेही आधीच जुळवावे.

अनुमतीचे अर्ज तपासणाऱ्या राज्यस्तरीय समितीपुढे मला विचारले गेले ते गाळ अडवण्याच्या खड्ड्याचे माप. तो खड्डा मी स्वतः आखला होता, त्यामुळे कागद न पाहता उत्तर दिले. अनुमती मिळाली असून अटींच्या पूर्ततेचा अहवाल आता दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. पहिल्या अहवालाची पोच मी घेतली आहे.