तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचं मोठं काम निघालं की पैसे कुठून आणता?

इथे इंदूरला राजेंद्रनगरच्या गणपतीत भेटलेल्या बायका असोत की चोइथराम मंडीतले भाजीवाले, मला विचारतात एकच: "ताई, तुमचं घर डब्यांवर चालतं, त्यात ही जुनी ओम्नी व्हॅन. अचानक काम निघालं की भागवता कसं?" दरवेळी घाईत अर्धवट काहीतरी सांगून मी निघते. आज सगळं सांगते.

भंवरकुआंला कोचिंगसाठी राहिलेल्या पोरांना मी रोज 40 डबे देते. ती मे महिन्यातली दुपार होती. त्याआधी आठ-दहा दिवस रोज सकाळी रेडिएटरमधलं पाणी कमी झालेलं दिसायचं. मी बाटलीभर ओतायची आणि निघायची. गाडीखाली फरशीवर हिरवट डाग पडायचा, तोही पुसून टाकायची. मला कळत नव्हतं असं नाही. मिस्त्री किती आकडा सांगेल या धास्तीनं मी त्याच्याकडे जात नव्हते.

राजीव गांधी चौराहा ओलांडला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, उन्हाळ्यात पायाशी धग लागतेच, म्हणून आधी लक्षात आलं नाही. पण काटा तर दिसत होता. मागे डबे गरम, पोरांचा दीड वाजता क्लास. आता थोडंच राहिलंय म्हणत गाडी तशीच दामटली. पोचले तेव्हा सीटखालून वाफ येत होती. डबे वाटून परत आले, तर गाडी चालूच होईना.

मिस्त्रीनं ऑइलची पट्टी ओढून माझ्यासमोर धरली. पट्टीवरचं ऑइल दूध जास्त पडलेल्या चहासारखं दिसत होतं. "दीदी, हेड गास्केट गया. पानी ऑइल में आ गया." हेड गास्केट म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग. मुळात फक्त एक होज पाइप, म्हणजे पाण्याची रबरी नळी, चिरला होता, 350 रुपयांचा. मी चालवत राहिले म्हणून इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, तापून वाकलं, ते लेथवर घासून सपाट करून आणावं लागलं, ऑइल सगळं बदलावं लागलं. एकूण 8,400. काटा चढला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, आणि पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे आता मी माझ्या मुलीलाही शिकवलंय.

त्या दिवशी घरात 3,100 रुपये होते आणि सिलिंडर आणायचा होता. मी मिस्त्रीला ते सांगून टाकलं: "भैया, आज माझ्याकडे एवढेच आहेत. आत्ता काय केलंच पाहिजे आणि काय थांबेल, ते वेगवेगळं लिहून द्या." त्यानं खरंच कागदाच्या दोन बाजूंना लिहिलं. क्लच प्लेट घासलीय, पण दोन महिने निघतील. सायलेन्सर वाजतोय, वाजू दे. टायमिंग बेल्ट मात्र आत्ताच बदला, इंजिन उघडलेलंच आहे, नंतर पुन्हा मजुरी पडेल. मजुरी दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. जवळचा आकडा कळला तर मिस्त्री तेवढं उकळणारच, असं लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. मात्र ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचं काम मी कधीही "थांबेल"च्या बाजूला लिहू देत नाही.

सामान मी स्वतः छोटी ग्वालटोलीतून आणलं. एकाच गास्केट सेटचे तीन दुकानांत तीन भाव निघाले. सीलबंद पाकिटावर एमआरपी छापलेली असते, ती बघूनच भाव-ताव करायचा. काच, दाराचं हँडल असलं सामान कबाडीतून जुनं घेतलं तरी चालतं. बेल्ट, होज आणि ब्रेकचं सामान जुनं नको, कारण रबर आतून किती थकलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

उरलेले पैसे भिशीतून आले. माझा नंबर ऑक्टोबरचा होता. जूनचा नंबर असलेल्या वहिनींकडे गेले, बदलून मागितला आणि त्यांनी एका शब्दावर दिला. मागताना जीभ जड झाली होती, पण दुसऱ्या कशाला हात लावायचा नव्हता. मोबाईलवर झटपट कर्ज मिळतं, त्याचाही विचार आला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असं कर्ज देताना सगळा खर्च धरून वर्षाचा व्याजदर दाखवावा लागतो. तो बघितला आणि फोन ठेवून दिला.

विम्याचंही विचारतात. थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देतो. झीज आणि इंजिनातला असा बिघाड साध्या फुल पॉलिसीतही बसत नाही.

मग विकून का टाकत नाही? गाडी चार दिवस मिस्त्रीकडे होती, तेव्हा मी लोडिंग रिक्षा लावली. दिवसाचे 250 गेले. 26 दिवसांचे धरले तर 6,500 होतात. माझी ओम्नी पेट्रोल धरूनही एवढे खात नाही. आणि पहाटे मंडीतून भाजीची पोती कोण आणणार?

तेव्हापासून दर डब्यामागे एक रुपया बाजूला पडतो, दिवसाचे 40. मसाल्याच्या फळीवर हळदीशेजारी स्टीलचा एक डबा आहे, त्याला घरात कुणी हात लावत नाही. दोन महिन्यांनी क्लच प्लेट त्यातूनच झाली. थोडे पैसे कमी पडले, ते मिस्त्री पुढच्या महिन्यापर्यंत थांबला.

आत्ता त्यात 2,700 आहेत. परवापासून पुढचं उजवं चाक वेग घेतला की घूं-घूं करतंय. बेअरिंग असावं. या वेळी वाट बघितलेली नाही, मिस्त्रीला काल रात्रीच फोन केला. उद्याचे डबे रिक्षानं जातील आणि गाडी सकाळी आठला त्याच्या दारात असेल.