स्टॅन्ली टरेंटाइनचा टेनर

सकाळी भांडी घासताना जॅझ सॅक्सोफोनवादक स्टॅन्ली टरेंटाइनच्या ‘शुगर’ या अल्बमचं रेकॉर्ड लावलं आणि मग दिवसभर दुसरं काही ऐकावंसंच वाटलं नाही. १९७० सालचं रेकॉर्डिंग. फ्रेडी हबर्ड ट्रम्पेटवर, जॉर्ज बेन्सन गिटारवर, रॉन कार्टर बेसवर. एवढे दिग्गज असूनही कान टरेंटाइनच्या टेनर सॅक्सोफोनकडेच जातो. जाडसर, उबदार आवाज. सूर खालून ओढत वर नेतो, आपल्या मींडेसारखा, आणि क्षणभर तिथेच रेंगाळतो.

त्याच्या वाजवण्यातला हा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्यांचा बाज, वरून चिकटवलेला नाही. पिट्सबर्गचा मुलगा, जन्म १९३४. विशीच्या आतच लोवेल फुल्सनच्या ब्लूज बँडमध्ये होता, आणि तिथे पियानोवर कोण, तर पुढे सोल गायक म्हणून गाजलेला रे चार्ल्स! पुढे १९६० मध्ये ऑर्गनवादक जिमी स्मिथबरोबर ‘बॅक ॲट द चिकन शॅक’ हा अल्बम. बायको शर्ली स्कॉटही ऑर्गनवादक. त्या दोघांच्या रेकॉर्ड्स मला सगळ्यात जवळच्या. ऑर्गन खालून भरत राहतो, टेनर जराही घाई न करता बोलतो.

अशा ब्लूजच्या अंगाने जाणाऱ्या जॅझला, म्हणजे सोल-जॅझला, सोपं म्हणतात, ते मला पटत नाही. इतक्या मोजक्या सुरांत इतकं सांगणं फार थोड्यांना जमतं.

संध्याकाळी आईने विचारलं, “कोण रे हा, इतकं गोड रडतोय?” तिला शेजारी बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.